बाक आलेल्या रेकॉर्डी आणि वर्ध्याचं ऊन

हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावांतलं एखादं जुनं बिछायत केंद्र डोळ्यांपुढे आणा. सतरंज्यांच्या थप्प्या, कनातींचे बांबू, गंज चढलेले भोंगे, एखादा अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर, आणि या सगळ्याच्या मागे पत्र्याच्या पेटीत रेकॉर्डी. लग्नाच्या मांडवात सनई, गणपतीत आरत्या, आणि १९७५ नंतर गावोगाव वाजलेली ‘शोले’च्या संवादांची पॉलिडॉरची रेकॉर्ड. पुढे कॅसेट आली, सीडी आली, पेन ड्राइव्ह आला. पेटी मात्र टिनाच्या छपराखाली तशीच राहिली. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५-४६ अंशांवर जातो यात कुणालाच नवल वाटत नाही, आणि तोही सावलीतल्या हवेचा पारा. तापलेल्या टिनाखाली बंद पेटीत याहून बरंच जास्त तापतं. म्हणून अशी पेटी उघडली की एखाद्या रेकॉर्डची कड उचललेली दिसते, एखादीची वाटी झालेली असते, एखादीला दोन-दोन ठिकाणी लाट आलेली असते.

अशा रेकॉर्डी भंगारात जातात, नाहीतर कुणीतरी त्यांचं घड्याळ करून हॉटेलच्या भिंतीवर लावतं. हे टाळता येतं. बाक आलेली रेकॉर्ड पुष्कळदा सपाट होते, आणि ती सपाट करण्याचं साधन तेच आहे ज्यानं ती वाकवली. उष्णता. फरक एवढाच की वाकताना उष्णता बेहिशेबी होती आणि सरळ करताना हातात थर्मामीटर लागतो.

ही युक्ती रेकॉर्डवाल्यांचीच आहे असंही नाही. अमेरिकेत जुन्या पिनबॉल यंत्रांची डागडुजी करणारे हौशी लोक नेमकं हेच करतात. त्या यंत्रांत खेळाच्या फळीवर चित्रं छापलेले प्लास्टिकचे पातळ तुकडे बसवलेले असतात आणि त्यांच्याखाली छोटे दिवे. वर्षानुवर्षं दिव्याची धग लागून ते तुकडे कुरळे होतात. मग त्यांना दोन काचांमध्ये घालून ओव्हनमध्ये मऊ होईपर्यंत तापवायचं आणि काचेतच थंड होऊ द्यायचं. पुन्हा तसं होऊ नये म्हणून ४४ नंबरचा दिवा काढून कमी वीज खाणारा, कमी तापणारा ४७ नंबरचा दिवा लावायचा. पिनबॉलच्या तुकड्यावर फक्त चित्र असतं, त्यामुळे थोडी चूक खपून जाते. रेकॉर्डच्या खाचेत केसापेक्षाही बारीक नक्षीत आवाज कोरलेला असतो. तिथे चूक खपत नाही, ती ऐकू येते.

पहिली गोष्ट, हातातली रेकॉर्ड कशाची आहे ते ओळखणं. जुनी, जड, मिनिटाला ७८ फेरे घेणारी रेकॉर्ड ही बहुधा लाखेची. तबकडीच्या ग्रामोफोनचा जनक एमिल बर्लिनर यानं आधी कडक रबराच्या तबकड्या काढल्या होत्या, पण त्या रबराला सपाट राहणं जमेना. १८९५च्या सुमारास तो लाखेच्या मिश्रणाकडे वळला आणि पुढची पन्नासेक वर्षं जगाचं संगीत लाखेवरच टिकलं. ही लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर बसणाऱ्या किड्यानं स्वतःभोवती सोडलेली राळ. पळस वर्ध्याच्या बांधाबांधावर आहे. लाखेचं पीक मात्र पूर्वेकडे, गोंदिया-गडचिरोलीच्या रानांत आणि त्याहून कितीतरी जास्त झारखंड-छत्तीसगडमध्ये घेतलं जातं. रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. शुद्ध केलेल्या लाखेच्या पातळ पापुद्र्यांना चपडा म्हणतात. सुतार तो स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला पॉलिश मारतो, सोनार लाख पोकळ दागिन्यात भरतो.

ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित करून गेला, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जाव्या लागत. म्हणजे लाख इथून तिकडे जायची आणि गाणं होऊन परत यायची. १९०८ मध्ये कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, १९२८ मध्ये दमदमला मोठा कारखाना उभा राहिला आणि हा हेलपाटा संपला. मग मराठी नाट्यगीतं, भजनं, भावगीतं खेडोपाडी पोचली. विदर्भापुरतं सांगायचं तर १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला खामगावच्या गोविंदराव जोशींनी, म्हणजे पुढे एचएमव्हीत नाव कमावलेल्या जी. एन. जोशींनी, मेहकरच्या ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता गाऊन रेकॉर्ड केली आणि ती घरोघर गेली. गांधीजींचा आवाजही लाखेवर आहे. ऑक्टोबर १९३१ मध्ये लंडनच्या किंग्जली हॉलमध्ये कोलंबिया कंपनीनं त्यांचं ईश्वराविषयीचं निवेदन मुद्रित केलं. राजकारणावर बोलायचं नाही म्हणून त्यांनी ‘यंग इंडिया’तला आपलाच १९२८चा लेख वाचला. त्यानंतर तीन वर्षांनी ते वर्ध्याला आले आणि १९३६ मध्ये सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला गेले.

या रेकॉर्डींत निव्वळ लाख मात्र फारच थोडी असते, अनेकदा पाव हिश्श्याच्याही आत. बाकी दगडाची भुकटी, रंगाला काजळी, आणि पकड यावी म्हणून कापसाचे आखूड तंतू. लाख ही या सगळ्याला धरून ठेवणारी खळ. त्यामुळे ७८ची रेकॉर्ड हातातून पडली की फुटते, पण तापली की आश्चर्य वाटावं इतकी लवकर सैल पडते. लाख पन्नास अंशांच्या अलीकडेपलीकडेच नरमायला लागते आणि साधारण ७५ ते ८५ अंशांच्या दरम्यान वितळते. विदर्भातल्या माळ्यावर भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली ७८ची रेकॉर्ड दोन-तीन उन्हाळ्यांत स्वतःच्याच वजनानं पोक काढते, ते यामुळे.

दुसरी जात व्हिनाइलची. दुसऱ्या महायुद्धात जपानमुळे पूर्वेकडची जहाजवाहतूक धोक्यात आली आणि लाख युद्धसामग्रीलाही लागत होती, म्हणून १९४२ मध्ये अमेरिकी सरकारनं रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरावर मोठी कपात लादली. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी मोडीत आणून द्या, अशी वेळ तिथल्या गिऱ्हाइकावर आली. युद्धानंतर, १९४८ मध्ये, कोलंबियानं मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले रेकॉर्ड काढली. ती पॉलिव्हिनाइल क्लोराइडच्या कुळातली, म्हणजे नळाच्या पीव्हीसी पाइपाची लांबची बहीण. भारतात मात्र लाखेच्या ७८च्या रेकॉर्डी १९६०च्या दशकात उशिरापर्यंत निघत राहिल्या. बीटल्सच्या भारतात छापलेल्या ७८ रेकॉर्डींसाठी परदेशी संग्राहक आज जीव टाकतात, ते त्याचमुळे.

आता बाक का येतो ते पाहू. लाख काय, व्हिनाइल काय, दोन्हींत लांबलचक किंवा गुंतलेले रेणू असतात. थंड असताना ते जागच्या जागी गोठल्यासारखे असतात आणि वस्तू काचेसारखी कडक राहते. एका ठराविक पट्ट्यापलीकडे तापवलं की रेणूंना हलायला वाव मिळतो आणि वस्तू चामड्यासारखी लवचीक होते. कडक पीव्हीसीसाठी हा पट्टा ८० अंशांच्या आसपास आहे. रेकॉर्डीच्या व्हिनाइलमध्ये प्रवाहीपणा यावा म्हणून व्हिनाइल अ‍ॅसिटेट मिसळलेलं असतं, त्यामुळे तो खाली, सत्तरच्या जवळपास येतो, आणि साठीतच आकार डळमळू लागतो. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत एवढं तापमान सहज होतं. मागच्या सीटवर विसरलेली रेकॉर्ड एका दुपारीत कामातून जाते.

साठीच्या खाली रेकॉर्ड सुरक्षित असते असं मात्र समजू नये. चाळीस-पंचेचाळीस अंशांत रेणू हलतात, पण फार हळू. एका दिवसात काही दिसत नाही. रेकॉर्ड तिरकी टेकलेली असेल, किंवा आडव्या थप्पीत खाली दबलेली असेल, तर एका उन्हाळ्याचे तीन महिने तिला पुरतात. शिवाय रेकॉर्ड जन्मतःच ताण पोटात घेऊन येते. छापताना दीडशे अंशांच्या वर तापलेला व्हिनाइलचा गोळा दोन साच्यांमध्ये शेकडो क्विंटलांच्या दाबाखाली चेपतात आणि अर्ध्याएक मिनिटात थंड करून बाहेर काढतात. घाईनं गोठलेला तो ताण आतच अडकून राहतो. उष्णता मिळाली की तो सुटतो, आणि सगळीकडे सारखा सुटत नाही. गच्चीवर वाळत घातलेला पापड वरून आधी सुकला की कडा उचलतो, तसंच एका बाजूनं तापलेल्या रेकॉर्डीचं होतं. आणखी एक चोर आपणच घरात ठेवतो. नव्या एलपीच्या पाकिटावरचं घट्ट प्लास्टिकचं वेष्टण बरेच जण कौतुकानं तसंच ठेवतात. ते उन्हाळ्यात आकसतं आणि पाकिटासकट रेकॉर्ड वाकवतं. ते फाडून टाकावं.

बाक दिसायला कितीही वाईट असला तरी त्रास किती देईल हे त्याच्या उंचीवरून ठरत नाही. ३३⅓च्या रेकॉर्डीला एका फेऱ्याला १.८ सेकंद लागतात. पूर्ण रेकॉर्ड वाटीसारखी झाली असेल तर पिन फेऱ्याभर जवळपास एकाच उंचीवर राहते, आणि दोन-तीन मिलिमीटर बाक असूनही कानाला फारसं कळत नाही. उलट कडेला पाच सेंटिमीटरचा छोटा तीव्र उंचवटा घ्या. बाहेरच्या खाचेचा वेग सेकंदाला सुमारे अर्धा मीटर असतो, म्हणजे तो उंचवटा पिनेखालून एका सेकंदाच्या दहाव्या भागात सरकतो. टर्नटेबलचा आर्म आणि त्याची पिन यांची स्वतःची डोलण्याची गती बहुधा सेकंदाला ८ ते १२ वेळा, अशीच ठेवलेली असते. दोन्ही जुळलं की झोका बसतो, पिन खाचेतून उडते, आणि उडाली नाही तरी सूर थरथरतो. लांब तान किंवा सनईचा ठेहराव असेल तर हे लगेच कानाला खटकतं. लावणीच्या ढोलकीत लपून जातं. ७८ची गोष्ट वेगळी. जुन्या चावीच्या ग्रामोफोनच्या साउंडबॉक्सचं वजन शंभर ग्रॅमच्या वर, खाच रुंद, त्यामुळे सुई सहसा उडत नाही. पण प्रत्येक चढावर ती खाच खरवडत जाते.

म्हणून माझं मत असं की जी रेकॉर्ड नीट वाजते तिला हात लावू नये. थोड्याशा वाटीसाठी मधल्या दांड्यावर ठेवायचं वजन किंवा क्लँप पुरतो. सपाट करायची ती फक्त जी वाजतच नाही, किंवा जिचा सूर हलतो.

सपाट करण्याची साधनं फारशी लागत नाहीत. काचवाल्याकडून ८ मिलिमीटर जाडीच्या, ३५ सेंटिमीटर चौरस, कडा घासलेल्या दोन साध्या काचा कापून घ्यायच्या. अशी एक काच जवळजवळ अडीच किलो भरते, आणि बहुतेक कामाला तेवढं वजन पुरेसं असतं, फार तर वर एक-दोन किलो. याहून जास्त दाब उपयोगाचा नाही, उलट घातक. कारण साधं आहे. व्हिनाइल तापलं की काचेच्या सहा-आठ पट पसरतं. तीस सेंटिमीटरची रेकॉर्ड तीस अंशांनी थंड होताना अर्ध्या मिलिमीटरहून अधिक आकसते, काच मात्र जेमतेम एक दशांश मिलिमीटरही नाही. रेकॉर्डीला काचांमध्ये सरकायला जागा हवी. करकचून आवळली तर आकसता न आल्यानं नवा ताण आत बसतो आणि महिन्याभरात बाक परत येतो.

काचेमध्ये ठेवण्याआधी रेकॉर्ड धुणं ही सगळ्यांत दुर्लक्षिली जाणारी पायरी. वर्ध्याच्या उन्हाळ्यातली धूळ म्हणजे बारीक रेतीच; मऊ झालेल्या खाचेत ती दाबली गेली की कायमची तिथेच. व्हिनाइल शुद्ध पाण्यात थोडा सौम्य साबण घालून धुतलं तरी चालतं. लाखेच्या रेकॉर्डीला मात्र स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेलं काहीही लावायचं नाही. सुताराच्या वाटीत चपडा जसा विरघळतो तसाच तो खाचेतही विरघळेल. एलपीबाबत एक सोय अशी की १९५०च्या दशकापासून बऱ्याच एलपींची बाहेरची कड आणि मधली लेबलची जागा खाचांच्या भागापेक्षा किंचित जाड केलेली असते. काच या दोन जागी टेकते आणि खाचांना सहसा स्पर्शही करत नाही. ७८ रेकॉर्डीत असं नसतं, म्हणून त्यांच्यासाठी काच आरशासारखी स्वच्छ हवी.

मग उष्णता. इथे इंग्लंड-अमेरिकेतून आलेला सल्ला आंधळेपणानं घेऊ नये. ‘दोन काचांमध्ये घाला आणि उन्हात ठेवा’ हा सल्ला इंग्लंडच्या उन्हासाठी आहे. काळी रेकॉर्ड ऊन शोषते, काच ती उष्णता आत कोंडते, आणि मे महिन्यातल्या दुपारी वर्ध्यात ती थोड्या वेळात सत्तरी ओलांडू शकते. मग खाचांच्या कडा झिजल्यासारख्या बोथट होतात, आणि हे नुकसान भरून येत नाही. सोलर कुकरमध्ये ठेवायचा मोह तर विसरूनच जावा. त्यात डाळ शिजते. इस्त्रीचं सगळ्यांत कमी सेटिंगही शंभरीच्या पुढचं असतं. घरगुती ओटीजी अनेकदा ९०-१०० अंशांपासूनच सुरू होतो, काटा दाखवतो त्यापेक्षा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे जातो, आणि बारा इंची रेकॉर्ड त्यात मावतही नाही.

आपल्याकडची खरी सोय उन्हाळ्याच्या सावलीत आहे. एप्रिल-मेमध्ये कूलर न लावलेल्या बंद खोलीत दिवसा चाळीसच्या आसपास आणि रात्री तिशीत, असा तापमानाचा संथ झोका आपोआप मिळतो. काचांमध्ये ठेवलेली रेकॉर्ड तिथे फरशीवर पूर्ण सपाट जागी ठेवून दोन-तीन आठवडे विसरून जावी. ज्या संथपणानं बाक आला त्याच संथपणानं तो जातो, आणि खाचेला धोका जवळजवळ नाही. मंद, गोल बाकाला हा उपाय पुरतो. कडेच्या तीव्र उंचवट्याला पुरत नाही. तिथे उबेची पेटी करावी लागते: प्लायवूडचा खोका, आत बाजूला एक-दोन जुने पिवळे बल्ब, हवा फिरावी म्हणून संगणकातला छोटा पंखा, आणि बाजारात स्वस्तात मिळणारा डिजिटल थर्मोस्टॅट. बल्बचा उजेड काचेवर थेट पडू नये म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा. तापमान ५० अंशांपासून सुरू करावं, काही तास थांबावं, फरक नसेल तर दोन-दोन अंशांनी वाढवत ५७-५८ पर्यंत जावं, पण साठी ओलांडू नये. जपानी कंपन्यांची रेकॉर्ड सपाट करणारी महागडी यंत्रं यापेक्षा वेगळं काही करत नाहीत. ती फक्त तापवणं आणि निववणं नेमकेपणानं करतात.

निववणं हाच यातला अवघड भाग आहे, कारण तिथे माणसाची उत्सुकता आड येते. बल्ब बंद केल्यावर पेटी उघडायची नाही. रात्रभर आपोआप थंड होऊ द्यायचं. गरम काचेतून रेकॉर्ड बाहेर काढली की एक बाजू आधी निवते, दुसरी मागाहून, आणि पापडाचं पुन्हा तेच. पहिल्या फेरीत पूर्ण सपाट झाली नाही म्हणून तापमान चढवण्यापेक्षा दुसरी फेरी त्याच तापमानाला करणं बरं. आणि सपाट झालेली रेकॉर्डही पुढच्या मेमध्ये त्याच टिनाखाली ठेवली तर पुन्हा वाकते. प्लास्टिकला जुना आकार आठवतो, हे पिनबॉलवालेही सांगतील.

लाखेच्या रेकॉर्डीला एवढा वेळ लागत नाही. काचांमध्ये ठेवून पन्नाशीच्या आसपास आणलं की बहुधा ती मऊ होऊन काचेवर पसरते. पण आधी ती उजेडात तिरपी धरून केसतडे तपासावेत. तडा असेल तर तापवणं म्हणजे तडा रुंद करणं. कोलंबियाच्या काही जुन्या रेकॉर्डी मधला जाडाभरडा थर आणि वर गुळगुळीत थर अशा रचनेच्या असतात. उष्णतेनं ते थर सुटू शकतात. आणि ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असलेल्या, रेडिओ केंद्रांत किंवा स्टुडिओत थेट कापलेल्या डिस्क कुठे सापडल्या, तर त्यांना अजिबात उष्णता दाखवू नये. लॅकर सेल्युलोज नायट्रेटचा असतो, ते पेटणारं द्रव्य आहे, आणि अशा डिस्कची दुसरी प्रत बहुधा जगात नसते.

दुर्मीळ रेकॉर्ड असेल तर सपाट करण्याच्या आधीच, जशी वाजेल तशी, डिजिटल प्रत करून घ्यावी. मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेली सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था जुन्या मुद्रणांची माहिती गोळा करत आली आहे; अशा लोकांना विचारल्यावर कळतं की आपल्या हातातली वाकडी रेकॉर्ड शेकडोंत एक आहे की दोनपैकी एक. जुन्या ७८च्या पाकिटांवर आणि खाचांत वर्ध्यात आणखी एक त्रास असतो, कूलरच्या दमट हवेतली बुरशी. ती मऊ, कोरड्या ब्रशनं काढून मगच काच लावावी. काचेखाली उबेत दमटपणा कोंडला तर बुरशी वाढते.

विकत घेताना मात्र वेळ जात नाही. पाकीट काढा, रेकॉर्ड दोन्ही तळव्यांमध्ये कडांवर धरा, डोळ्याच्या पातळीला आडवी आणा आणि हळू फिरवा. लेबलापासून कडेपर्यंत एकच सौम्य उतार दिसला तर घासाघीस करून घेऊन जा, एक उन्हाळा पुरेल. कडेला बोटभर रुंदीची मुरड असेल आणि तिथे खाचा चमक बदलून पांढुरक्या दिसत असतील, तर तिथला आवाज आधीच गेलेला आहे. तेवढी जागा सपाट होईल, ऐकू काही येणार नाही, आणि मग किंमत फक्त पाकिटावरच्या चित्राची द्यावी.